यंत्राला उठावयास उशीर कां होतो ?

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं, म्हणजे सर्व मंडळी दिवाणखान्यांत जमतात. हा परिपाठ जुना आहे. पूर्वीं पेठेंतील वाड्यांत रेडिओभोंवतीं बसत असूं. खराडीस राहावयास आल्यापासून टी.व्ही.भोंवतीं बसतों, एवढाच काय तो फरक. या टी.व्ही.च्या खालीं एक लहानशी काळी पेटी आहे. ती म्हणजे एक संगणकच. परंतु पत्रव्यवहाराचें किंवा हिशेबाचें काम तिच्याकडे नाहीं. नाटकें, चित्रपट, गाणीं आणि विशेषतः घरच्या लग्नामुंजींच्या जुन्या चित्रफिती दाखविणें, एवढ्यासाठींच धाकट्या बंधूंनीं ती आठ वर्षांपूर्वीं बसविली. बाजारांत अशा यंत्राला ‘होम थिएटर’ संगणक म्हणतात; आमच्या घरांत त्याचें नांव नुसतें ‘पेटी’ असें आहे.

गेल्या पावसाळ्यांत ही पेटी फारच रेंगाळूं लागली. बटण दाबावें आणि वाट पाहात बसावें. लहान मुलें पेंगूं लागत, भावजय स्वयंपाकघरांत जाऊन विरजण लावून परत येई, तरी पडदा काळाच ! आमच्या घरचे तिघेजण रोज सकाळीं येथल्याच इऑन उद्यानांतील संगणकाच्या कचेऱ्यांत कामास जातात. ज्या पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला, त्याच पुण्याचे आम्ही रहिवासी. पण घरची पेटी कां रखडते, हें पाहावयास एकालाहि सवड नव्हती. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

अखेर पुतण्यानें पेटी उचलून एका दुकानांत नेली. तेथील गृहस्थांनीं पांच मिनिटें पाहून निदान केलें कीं, यंत्र जुनें झालें. आंतील सर्व पुसून नव्यानें भरावें लागेल, नाहीं तर नवें घ्यावें हें उत्तम. पुतण्या ‘पुसून भरा’ असें सांगून मोकळा होणार, इतक्यांत त्याला आठवलें कीं, दुसऱ्या दिवशीं बाबांचें श्राद्ध आहे. बाबांनीं १९८८ च्या गणपतींत म्हटलेली आरती त्या दिवशीं संध्याकाळीं ऐकावी, असा आमच्या आईचा नेम आहे. आणि ती आरती त्या पेटींतच आहे. ‘पुसणें परवां करूं,’ असें म्हणून तो पेटी घरीं घेऊन आला. त्या एका दिवसाच्या सवडीनें काय वाचलें, तें पुढें येईलच.

आधीं मोजा, मग बोला

मीं शाळेंत पदार्थविज्ञान शिकविण्यांत बत्तीस वर्षें घालविलीं. त्या धंद्याची एक खोड अंगीं मुरलेली आहे, ती ही कीं, मोजल्याशिवाय कोणत्याहि गोष्टीला हळू किंवा जलद म्हणावयाचें नाहीं. ‘फार वेळ लागतो’ हें वाक्य तक्रार म्हणून ठीक आहे. निदान म्हणून निरुपयोगी आहे. म्हणून पुतण्याला म्हटलें, “अरे, पुसण्याआधीं एकदां घड्याळ लावून पाहूं.” बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्रांची यादी येऊन रिमोट चालूं लागेपर्यंत २५० सेकंद लागले. म्हणजे चार मिनिटें आणि वर दहा सेकंद.

आतां हा वेळ कोठें जातो हें कळण्यासाठीं पेटी उठते म्हणजे काय करते, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. संगणकाची चालू कामाची स्मृति वीज जातांच कोरी होते. रोज सकाळीं त्याला आपण कोण, आपल्याजवळ काय आहे, काय करावयाचें आहे, हें सर्व पहिल्यापासून जाणून घ्यावें लागतें. या क्रियेला इंग्रजींत ‘बूट’ होणें म्हणतात. बुटाच्या मागच्या नाडीला धरून माणसानें स्वतःच स्वतःला उचलावें, अशी एक अशक्य गोष्ट सांगणारी म्हण तिकडे आहे. तिच्यावरून हा शब्द आला. स्मृति कोरी असतांना स्मृति भरण्याची आज्ञा तरी कोठून मिळावी, हा पेंच खरोखरच तसा आहे. त्यावर तोडगा असा कीं, यंत्राच्या पाटीवर एका लहान चकतींत कायमच्या कांहीं सूचना कोरून ठेवलेल्या असतात. १९८१ सालच्या आय.बी.एम.च्या घरगुती संगणकांत या सूचनांना ‘बायॉस’ म्हणत. आजच्या यंत्रांत तिची जागा ‘यू.ई.एफ.आय.’ नांवाच्या व्यवस्थेनें घेतली आहे.

ही व्यवस्था प्रथम घरची झाडलोट केल्याप्रमाणें स्मृति, पडदा, कळफलक व डिस्क हीं जागेवर आहेत कीं नाहींत तें पाहते. मग ती डिस्कवरील एका छोट्या कार्यक्रमाला हांक मारते, तो मुख्य कारभाऱ्याला, म्हणजे ‘कर्नेल’ला, उठवितो, कारभारी उठला कीं तो आवाज, जाळें, घड्याळ वगैरे खात्यांचे सेवक उठवितो, आणि सर्वांत शेवटीं चित्रें दाखविणारा कार्यक्रम पडद्यावर येतो. आमच्या पेटींत तो ‘कोडी’ नांवाचा आहे. अशा पांच पायऱ्या आहेत. उशीर नेमका कोणत्या पायरीवर होतो, हें न पाहतां सगळें घर पाडून नवें बांधूं म्हणणें हा शहाणपणा नव्हे.

आमची पेटी लिनक्स पद्धतीवर चालते. तींत २०१० सालापासून प्रचारांत आलेला ‘सिस्टिमडी’ नांवाचा एक व्यवस्थापक असतो, आणि तो प्रत्येक पायरीचा हिशेब लिहून ठेवतो. ‘सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ’ एवढा शब्द लिहितांच त्यानें हिशेब मांडला : पाटीवरील सूचनांना ३८ सेकंद, छोट्या कार्यक्रमाला १२, कारभाऱ्याला ६, सेवकांना १३०, एकूण १८६. घड्याळ मात्र २५० सांगत होतें. राहिलेले ६४ सेकंद कोडीनें घेतले, हें त्यावरून उघड झालें. दुकानांतील निदानांत ‘जुनी झाली’ एवढे दोनच शब्द होते. येथें एका मिनिटांत पांच आंकडे हातीं आले.

रिकाम्या पानावर वाट पाहणें

याच व्यवस्थापकाला ‘ब्लेम’ म्हणून विचारलें, तर कोणत्या सेवकानें किती वेळ घेतला त्याची उतरत्या क्रमानें यादी मिळते. परंतु या यादीवर आंधळेपणानें विसंबूं नये. स्वयंपाकघरांत वरण शिजावयास सर्वांत अधिक वेळ लागतो, म्हणून जेवणाला उशीर वरणामुळेंच झाला असें ठरत नाहीं. वरण चुलीवर असतांना पोळ्या होतच असतात. पुष्कळ सेवक एकाच वेळीं कामें करतात. म्हणून कोण कोणासाठीं खोळंबला आहे, हें पाहावें लागतें. त्याकरितां ‘क्रिटिकल-चेन’ नांवाची दुसरी आज्ञा आहे. ती खोळंब्याची सांखळी दाखविते.

आमच्या पेटीच्या नोंदवहींत बरोबर ९० सेकंदांचा एक खोळंबा निघाला. ८८ नव्हे, ९३ नव्हे, ९०. असा गोल आंकडा दिसला कीं ओळखावें, येथें कोणी काम करीत नसून कोणाची तरी वाट पाहात आहे. यंत्रांत वाट पाहण्याची मुदत ठरलेली असते, आणि सिस्टिमडीची नेहमींची मुदत नव्वद सेकंदांची आहे. वाट कोणाची ? दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत पुतण्यानें पेटींतील दुसरी जुनी डिस्क काढून आपल्या कामासाठीं बंगळुरास नेली होती. तिचा एक भाग पेटी जादा स्मृतीची कोठी म्हणून वापरीत असे. याला ‘स्वॅप’ म्हणतात. डिस्क गेली, पण तिचें नांव यादींतून कोणी काढलें नाहीं. तेव्हांपासून ही प्रामाणिक पेटी रोज त्या परगांवीं गेलेल्या डिस्कचें पान मांडी, दीड मिनिट वाट पाही आणि मग निरुपायानें पुढें जाई. यादींतील एक ओळ काढून टाकतांच ते नव्वद सेकंद वांचले, खर्च शून्य.

दुसरे २८ सेकंद घरांतील वाय-फायचें जाळें जोडलें जाण्याची वाट पाहण्यांत जात होते. आमच्या चित्रफिती पेटींतच असल्यामुळें ही वाट पाहण्याचें प्रयोजनच नव्हतें. तीहि अट काढली. छोट्या कार्यक्रमाच्या १२ सेकंदांपैकीं १० सेकंद ‘कोणती पद्धत उठवूं ?’ असें विचारून उत्तराची वाट पाहण्यांत जात. आमच्या घरीं पद्धत एकच, तेव्हां तो प्रश्नहि मिटविला. पाटीवरील सूचना डिस्कच्या आधीं जाळ्यावर कोणी दुसरा संगणक आपल्याला उठवितो काय, हें शोधीत बसत. तो क्रम बदलला.

पुतण्या आनंदित होऊन म्हणाला, “काका, झालें कीं ! आतां कोडीचे चौसष्ट सेकंद तेवढे राहिले. पेटी नुसती झोपवून ठेवली, बंदच केली नाहीं, तर तेहि लागणार नाहींत.” त्याचें म्हणणें अगदींच चूक नव्हतें. पेटी बंद न करतां निद्रित ठेवली, तर अगदीं थोडी वीज लागते आणि चित्र कांहीं क्षणांत येतें. मीहि कदाचित् हो म्हणालों असतों. पण आई मध्येंच बोलली.

आईचें घड्याळ

आमची आई ८४ वर्षांची आहे. पेटी उठेपर्यंत ती मारुतिस्तोत्र म्हणत बसते. ती म्हणाली, “अरे, दोन वर्षांमागें एक स्तोत्र पुरें होई, कीं चित्र येई. त्या दिवाळीनंतर एकदम दोन होऊं लागलीं. पुढें दीड वर्ष दोनच. या आषाढापासून मात्र तिसरें सुरू करावें लागतें, आणि तें रोज थोडें थोडें पुढें जातें.”

बत्तीस वर्षें शिकवूनहि जें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें, तें या साक्षींत होतें. दिवाळीनंतर उशीर एकदम वाढला आणि तेवढाच राहिला. तो त्या गेलेल्या डिस्कचा. आषाढापासूनचा उशीर कणाकणानें वाढत होता. जो उशीर एकदम येतो आणि स्थिर राहतो, तो बहुधा चुकीच्या मांडणीचा असतो. तो त्रासदायक खरा, पण धोक्याचा नव्हे. जो हळूहळू वाढत जातो, त्याच्यामागें कांहींतरी झिजत असण्याचा संभव मोठा. कोडीचे ६४ सेकंद या दुसऱ्या जातीचे होते. यंत्र झोपवून ठेवलें असतें, तर ते दिसावयाचे बंद झाले असते. झीज मात्र चालूच राहिली असती.

कोडी उठतांच संग्रहांत नवें काय आलें तें धुंडाळतो. त्यासाठीं त्याला डिस्कवरील हजारों लहान लहान नोंदी वाचाव्या लागतात. आमची डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची होती. ती मिनिटाला ५४००, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. ठिकठिकाणीं विखुरलेल्या नोंदी वाचतांना तिची सुई सारखी पुढें-मागें न्यावी लागते आणि प्रत्येक वेळीं तबकडी फिरून योग्य जागा खालीं येण्याची वाट पाहावी लागते. त्यामुळें अशा नोंदी सेकंदाला साठ-सत्तरच वाचून होतात. त्यांत तबकडीची एखादी जागा खराब झाली, तर डिस्क तीच जागा पुन्हां पुन्हां वाचून पाहते. एकेका जागेपायीं कित्येक सेकंद जातात.

डिस्क आपल्या प्रकृतीची रोजनिशी स्वतः ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि ती वाचण्याचीं साधनें फुकट मिळतात. आमच्या डिस्कनें ३१२ खराब जागा बदलून त्यांच्याऐवजीं राखीव जागा घेतल्या होत्या, आणि आणखी ४१ जागा वाचतां येत नाहींत म्हणून टांगून ठेवल्या होत्या. कारभाऱ्याच्या नोंदवहींतहि वाचनांत चूक झाल्याच्या ओळींवर ओळी होत्या. पेटी आळशी नव्हती. ती आजारी होती, आणि तीन महिने आम्हांला तेंच सांगत होती.

येथें मला दुकानांतले ते शब्द आठवले : ‘आंतील सर्व पुसून नव्यानें भरूं.’ बाबांच्या आरतीची मूळ कॅसेट, थोरल्या बहिणीच्या लग्नाची चित्रफीत, पुतण्याची मुंज — या सर्व फितींना ओलीनें बुरशी आली होती. पेटींत उतरवून घेतल्यावर ‘आतां काय करावयाच्या ?’ म्हणून आम्हींच त्या टाकून दिल्या. दुसरी प्रत कोठेंच नव्हती. पुसलें असतें तर बाबांचा आवाज त्याच दिवशीं गेला असता. न पुसतां तसेंच चालविलें असतें, तर कांहीं आठवड्यांनीं.

आधीं माणसें, मग सामान

घराला आग लागली असतां प्रथम माणसें बाहेर काढतात. कौलें शाकारीत बसत नाहींत. आजारी डिस्कचें तसेंच आहे. तिला दुरुस्त करणाऱ्या, तपासणाऱ्या किंवा जागच्या जागीं लावणाऱ्या कोणत्याहि कार्यक्रमाच्या हातीं प्रथम देऊं नये. त्या खटाटोपांत ती शेवटचा श्वास घेते. तिच्यावर कांहींहि न लिहितां, फक्त वाचून, सर्व दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवून घ्यावें. या कामासाठीं ‘डीडीरेस्क्यू’ नांवाचें साधन आहे. त्याची रीत समंजस आहे. जेथें वाचावयास अडचण येते ती जागा तें तूर्त सोडून देतें, सोपा भाग आधीं उतरवून घेतें, आणि मग राहिलेल्या जागांकडे वळून पुन्हां पुन्हां प्रयत्न करतें. काय झालें आणि काय राहिलें याचा नकाशा तें लिहून ठेवतें. त्यामुळें मध्येंच वीज गेली, तरी तेथूनच पुढें सुरुवात करतां येते.

आम्हीं मोठी नवी डिस्क आणली, टेबलावर पंखा ठेवला, आणि उतरवून घेण्यास सुरुवात केली. एकोणीस तास लागले. रात्रीं दोन वाजतां पुतण्या, तो आटोपला कीं धाकटे बंधु, असे आम्ही आळीपाळीनें जागलों. शेवटीं कित्येक जागा वाचल्या नाहींतच. मुंजीच्या चित्रफितींतील भिक्षावळ अर्धीच राहिली. बाबांच्या आरतींत अकरा सेकंद शांतता आहे. श्राद्धाच्या दिवशीं संध्याकाळीं ती लावली, तेव्हां त्या अकरा सेकंदांत आईनें तोंडानें आरती म्हटली आणि पुढें बाबांचा आवाज पुन्हां आला. त्या वेळीं दिवाणखान्यांत कोणी बोललें नाहीं.

इतर वाचकांसाठीं

ज्यांच्या घरीं विंडोज पद्धतीचा संगणक टी.व्ही.ला जोडलेला असेल, त्यांनींहि क्रम हाच ठेवावा. ‘टास्क मॅनेजर’मध्यें ‘स्टार्टअप’ नांवाचें एक पान असतें. यंत्र उठतांच आपण होऊन उठणारे कार्यक्रम तेथें दिसतात. नको असतील ते तेथेंच बंद करावे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून त्यांत ‘जलद प्रारंभ’ अशी एक सोय आहे. यंत्र बंद केलें तरी कारभाऱ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं तीच उचलली जाते. म्हणून ‘बंद करून चालू’ आणि ‘रीस्टार्ट’ यांना लागणारा वेळ वेगवेगळा असतो. तुलना करावयाची, तर दोन्ही वेळां एकाच रीतीनें मोजावें. बाहेरून लावलेल्या डिस्क व पेन-ड्राइव्ह काढून एकदां मोजावें. फरक पडला तर दोष त्यांच्यांत शोधावा. एका वेळीं एकच बदल करावा आणि आंकडा वहींत लिहावा. चार बदल एकदम केले, तर गुण कोणत्या औषधाचा, हें कधींच कळत नाहीं.

नवी वस्तु घ्यावयाचीच झाली, तर सगळें यंत्र घेण्यापूर्वीं मुख्य पद्धतीसाठीं एक लहान एस.एस.डी. घ्यावी. तींत फिरणारी तबकडी नसते. नोंद शोधावयास फिरत्या डिस्कला जेथें हजारांश सेकंदाचे पंधरा-वीस भाग लागतात, तेथें तिला एका भागाचा दहावा हिस्साहि पुरतो. मोठ्या चित्रफितींसाठीं फिरती डिस्कच चालते. मात्र एस.एस.डी.हि एके दिवशीं मरते, आणि पुष्कळदां कुरकुर न करतां मरते. म्हणून ज्या वस्तु बाजारांत पुन्हां मिळावयाच्या नाहींत, त्यांच्या तीन प्रती ठेवाव्या, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं असावी. आमची तिसरी प्रत आतां थोरल्या बहिणीच्या कपाटांत, तिच्या लग्नाच्या शालूखालीं आहे.

आमच्या जुन्या पेटींतच अशी एस.एस.डी. बसविली. कोडीचें धुंडाळणें उठतांना न होतां रात्रीं व्हावें, अशी योजना केली. पुन्हां मोजलें : सूचनांना १४ सेकंद, छोट्या कार्यक्रमाला २, कारभाऱ्याला ४, सेवकांना ७, कोडीला ६, एकूण ३३. मुलें खूष आहेत. आईची मात्र तक्रार आहे कीं, आतां स्तोत्र अर्धेंहि होत नाहीं. तिला म्हटलें, “पेटी लावण्याआधींच म्हणत जा कीं.” ती म्हणाली, “तसें नको. मी म्हणत राहीन. पुन्हां कधीं स्तोत्र पुरें होऊं लागलें, तर तुम्हांला सांगावयास कोणी तरी मोजीत असलें पाहिजे.”